पॅलाडिनला रेडमध्ये जागा कशी मिळाली

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ब्लिझर्ड कंपनीच्या ऑनलाइन गेममध्ये पॅलाडिन हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, निवडणाऱ्या खेळाडूसमोर पहिल्या दिवसापासून तीन वाटा होत्या. होलीची वाट धरली तर जखमी सोबत्यांना हील करायचं. प्रोटेक्शनमध्ये ढाल पुढे करून शत्रूचे घाव अंगावर घ्यायचे. रेट्रिब्यूशनमध्ये दोन हातांनी पेलायचं जड शस्त्र घेऊन मारत सुटायचं. लेव्हल ६० गाठेपर्यंत यातली कुठलीही वाट चालून जायची. पण ६० नंतर ४० जणांच्या रेडचं, म्हणजे मोठ्या शत्रूंवरच्या एकत्र मोहिमेचं, बोलावणं आलं की तिन्ही वाटा एकाच जागी येऊन थांबायच्या. पॅलाडिनने मागे उभं राहायचं, सगळ्यांना ब्लेसिंग, म्हणजे ताकद वाढवणारा आशीर्वाद, द्यायचं आणि हील करत राहायचं.

हे प्रकरण त्या पॅलाडिनचं आहे. काळ २००४ ते २०१० असा, आणि थोडा त्याच्या पुढचाही. मल्टिप्लेअर रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक क्लास उपयोगी कसा करायचा, या प्रश्नावर ब्लिझर्डने इथे एकामागून एक वेगवेगळे उपाय केले. प्रत्येक उपायाचा परिणाम लाखो खेळाडूंच्या वागण्यातून उघड दिसला. हा सगळा प्रवास पाहून माझं मत ठाम झालं आहे की क्लास वापराविना पडून राहतो तेव्हा दोष बहुतेक वेळा त्या क्लासच्या आत नसतो. तो रेडच्या जागा, बफचे (सोबत्याची ताकद तात्पुरती वाढवणाऱ्या परिणामांचे) नियम, गिअर (शस्त्रं-चिलखतं) आणि समोरचे बॉस (रेडमधले मोठे शत्रू) यांत असतो. दुरुस्ती मात्र नेहमी क्लासच्या आकड्यांपासून सुरू होते.

४० जागांचा हिशेब

२३ नोव्हेंबर २००४ रोजी गेम उत्तर अमेरिकेत सुरू झाला तेव्हा नऊ क्लास होते. रोग, मेज, हंटर आणि वॉरलॉक हे चार फक्त डॅमेज करणारे. वॉरियर टँकही, म्हणजे शत्रूचे घाव अंगावर घेणाराही, होऊ शकायचा आणि डॅमेजही करायचा. प्रीस्टकडे हीलिंग आणि शॅडोचं डॅमेज होतं. उरलेले तीन म्हणजे पॅलाडिन, शमन आणि ड्रुइड, ज्यांना खेळाडू हायब्रिड म्हणत. त्यातही गेममधल्या दोन विरोधी पक्षांपैकी पॅलाडिन फक्त अलायन्सकडे आणि शमन फक्त होर्डकडे होता.

पॅलाडिनला रेडमध्ये कुणी घेत नव्हतं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. अलायन्सच्या रेडला पॅलाडिन हवेच असायचे, तेही एकदोन नव्हे. ब्लेसिंग ऑफ किंग्जने सगळे स्टॅट १० टक्क्यांनी वाढायचे. ब्लेसिंग ऑफ सॅल्व्हेशनने थ्रेट, म्हणजे शत्रू कुणावर चालून जाईल हे ठरवणारा हिशेब, ३० टक्क्यांनी कमी व्हायचा आणि डॅमेज करणाऱ्यांना मोकळेपणाने मारता यायचं. शिवाय माइट होतं, विस्डम होतं, लाइट होतं. एका पॅलाडिनकडून एका खेळाडूला एका वेळी एकच ब्लेसिंग मिळायचं. त्यामुळे जितकी ब्लेसिंग हवी तितके पॅलाडिन लागायचे. सुरुवातीला प्रत्येक ब्लेसिंग पाच मिनिटं टिकायचं आणि एकेकाला वेगळं द्यावं लागायचं. ४० जणांना ते देऊन संपेपर्यंत पहिल्यांची मुदत संपत आलेली असायची. पुढे ग्रेटर ब्लेसिंग आली. एकदा दिलं की त्या क्लासच्या सगळ्यांना मिळायचं आणि १५ मिनिटं टिकायचं. काम हलकं झालं, पण कामाचं स्वरूप तेच राहिलं.

क्लासची गरज होती आणि खेळाडूच्या निवडीला किंमत नव्हती, हे या प्रकरणाचं मूळ आहे. प्रोटेक्शन आवडणारा आणि रेट्रिब्यूशन आवडणारा, दोघांनाही रेडमध्ये घेतलं जायचं आणि दोघांच्याही हातात तेच हीलिंगचं काम यायचं. रेडमधल्या पॅलाडिनची नुसती संख्या मोजणाऱ्या डिझायनरला हा क्लास अगदी ठणठणीत दिसला असता. म्हणून क्लास उपयोगी आहे का, एवढंच विचारून भागत नाही. क्लासने दाखवलेल्या तीन वाटांपैकी किती वाटा शेवटपर्यंत जातात, हे पाहावं लागतं.

प्रोटेक्शन का अडकलं

टँकच्या कामाला तीन गोष्टी लागतात. शत्रूचं लक्ष आपल्याकडे टिकवणं, लक्ष निसटलं तर परत ओढणं आणि हे सगळं लढाई संपेपर्यंत करत राहणं. २००४ च्या पॅलाडिनकडे पहिल्या गोष्टीसाठी राइचस फ्युरी होती, तिने होली डॅमेजचा थ्रेट वाढायचा. दुसऱ्या गोष्टीसाठी काहीच नव्हतं. वॉरियरकडे टॉन्ट होतं, अस्वलाच्या रूपातल्या ड्रुइडकडे ग्रोल होतं, पॅलाडिनकडे टॉन्ट नव्हतं. दोन टँकनी आळीपाळीने बॉस स्वतःकडे घ्यायचा असेल तर पॅलाडिनला तो घेताच यायचा नाही.

तिसरी गोष्ट इंधनाची. वॉरियरला मार बसला की रेज मिळायचं, म्हणजे बॉस जितका जोरात मारेल तितकी वॉरियरकडे ताकद. पॅलाडिनचं इंधन माना. ती प्रत्येक चालीला कमी व्हायची, आणि मार खाऊन किंवा हील घेऊन तिच्यात काही भर पडायची नाही. त्यात टँकसाठी बनवलेलं गिअर वॉरियरला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं होतं, त्यावर माना वाढवणारं इंटेलेक्ट नसायचं. रेडमधून मिळणारे पॅलाडिनचे चिलखतांचे संच हीलरकडेच झुकलेले होते. म्हणजे टँक व्हायचं ठरवलं तरी अंगावर घालायला काय, इथपासून अडचण.

आता यातली कोणती अडचण प्रोटेक्शनच्या टॅलेंट ट्रीमध्ये, म्हणजे त्या वाटेच्या खास कौशल्यांच्या यादीत, चार आकडे वाढवून सुटली असती? एकही नाही. ढालीने आणखी दहा टक्के घाव अडवले असते तरी टॉन्ट नव्हतं ते नव्हतंच.

रेट्रिब्यूशनची अडचण निराळी होती. इथे गेमच्या यंत्रणेतली एक मर्यादा आड यायची. एका शत्रूवर सुरुवातीला फक्त आठ डिबफ, म्हणजे त्याला कमजोर करणारे किंवा झिजवणारे परिणाम, राहू शकायचे. २००५ मध्ये ही मर्यादा १६ झाली. ४० माणसं आणि १६ जागा. नववा किंवा सतरावा डिबफ आला की आधीचा एखादा गळून पडायचा. त्यामुळे महत्त्वाचे डिबफ सांभाळण्यासाठी गिल्डचे, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या संघांचे, म्होरके बाकीच्यांना सांगायचे की तुमचे डिबफ टाकूच नका. वॉरलॉकला स्वतःचे हळूहळू झिजवणारे शाप आवरते घ्यावे लागायचे. शॅडो प्रीस्टची तर सगळी ताकदच त्यात होती. पॅलाडिनच्या जजमेंटलाही याच रांगेत उभं राहावं लागायचं. एका तांत्रिक आकड्याने तीन-चार क्लासच्या खेळण्याची पद्धत कुरतडली होती, आणि तो आकडा त्यांच्यापैकी कुणाच्याही टॅलेंट ट्रीमध्ये लिहिलेला नव्हता.

टॅलेंट बदलण्याचा खर्च हेही असंच एक कुंपण. पहिल्यांदा एक गोल्ड, मग दर वेळी वाढत ५० गोल्डपर्यंत. रेडमध्ये होली आणि बाहेर रेट्रिब्यूशन खेळायचं म्हटलं तर आठवड्यातून दोनदा हा भुर्दंड. हायब्रिडची लवचीकता कागदावर होती, ती वापरायला गेलं की खिसा रिकामा व्हायचा.

बॉसने दिलेली कामं

त्याच काळात काही क्लासना फार सुंदर कामं मिळाली होती, ती बॉसच्या रचनेतून. मोल्टन कोर या रेडमधला पहिला बॉस लुसिफ्रॉन शाप टाकायचा. ते काढायला मेज आणि ड्रुइड लागायचे. त्याच्याकडूनच हंटरला ट्रँक्विलायझिंग शॉट शिकवणारं पुस्तक मिळायचं, आणि पुढचा मॅगमाडार पिसाळला की हंटरने तो शॉट मारून त्याला शांत करायचं. गारच्या भोवतीच्या रक्षकांना वॉरलॉक बॅनिश करून बाजूला ठेवायचे. आन किराजमधल्या जुळ्या सम्राटांपैकी जादूगार सम्राटाला अंगावर घ्यायला चक्क वॉरलॉकला टँक केलं जायचं. नॅक्सरामसमध्ये रॅझुव्हियस इतक्या जोरात मारायचा की प्रीस्टने त्याच्याच शिष्यांचं मन ताब्यात घेऊन त्यांना टँक बनवायचं.

यातल्या एकाही क्लासचं डॅमेज त्यासाठी वाढवावं लागलं नाही. बॉस बनवणाऱ्याने त्या क्लासच्या हातातल्या, एरवी कोपऱ्यात पडलेल्या एखाद्या चालीला काम दिलं. खेळाडूला त्या पाच मिनिटांत वाटायचं की मी नसतो तर हे झालं नसतं. मला हा उपाय मनापासून आवडतो. पण त्याची दुसरी बाजूही खरी आहे. रॅझुव्हियसच्या दिवशी प्रीस्ट आले नाहीत तर बाकीचे सगळे परत जायचे. नॅक्सरामसच्या चार घोडेस्वारांना साधारण आठ टँक लागायचे. टँक म्हणजे वॉरियर अशीच घडी बसलेली असल्याने गिल्डना सातआठ वॉरियर सजवून तयार ठेवावे लागायचे, बाकीच्या बॉसना त्यातल्या निम्म्यांचं टँकिंग लागत नसलं तरी. अशा वेळी पॅलाडिनला टॉन्ट दिलं असतं तर पॅलाडिनचंच नव्हे, गिल्डचंही भलं झालं असतं.

२००७: कामाची हत्यारं

१६ जानेवारी २००७ रोजी बर्निंग क्रुसेड हा गेमचा विस्तार आला आणि बऱ्याच गाठी एकदम सुटल्या. पॅलाडिन ब्लड एल्फ वंशाच्या रूपाने होर्डकडे गेला, शमन ड्रेनाई वंशाच्या रूपाने अलायन्सकडे आला. डिबफची मर्यादा ४० पर्यंत वाढली. रेड ४० वरून २५ आणि १० जणांचे झाले.

प्रोटेक्शनला राइचस डिफेन्स मिळालं. सोबत्यावर चालून गेलेल्या तीन शत्रूंपर्यंत सगळ्यांना परत ओढणारं टॉन्ट. स्पिरिच्युअल अट्यूनमेंटमुळे दुसऱ्याने हील केलं की त्याचा काही भाग माना म्हणून मिळू लागला, म्हणजे वॉरियरसारखंच, मार खाल्ला की इंधन. अव्हेंजर्स शील्ड तीन शत्रूंना लागायचं. कॉन्सेक्रेशन पायाखालची जमीन पेटवायचं, आणि ढालीवर घाव घालणाऱ्याला होली शील्डचा चटका बसायचा.

गिअरचा प्रश्नही नीट विचार करून सोडवला होता. बॉसकडून थेट चिलखत मिळण्याऐवजी टोकन मिळायचं. एकच टोकन पॅलाडिन, रोग आणि शमन यांना चालायचं, आणि पॅलाडिनला ते देऊन तीन संचांपैकी हवा तो घेता यायचा, हीलिंगचा, टँकिंगचा किंवा डॅमेजचा. क्लासच्या चर्चेत या टोकनांचा उल्लेख क्वचितच होतो. माझ्या मते त्यांनी हायब्रिडांसाठी कुठल्याही नव्या चालीइतकंच काम केलं. पॅलाडिन टँकला त्याच्या कामाचं चिलखत कुणाच्या उष्ट्यातून नव्हे, त्याच्या नावाने मिळू लागलं.

आणि मग हायजालची लढाई हा रेड. पहिल्या चार बॉसपैकी प्रत्येकाच्या आधी शत्रूंच्या आठ लाटा यायच्या. इतके शत्रू एकदम अंगावर घेऊन धरून ठेवणं हे वॉरियरला जड जायचं, कारण त्याचं थंडर क्लॅप चारच शत्रूंना लागायचं. अस्वलाचं स्वाइप तिघांना. पॅलाडिनच्या कॉन्सेक्रेशनला अशी मोजदाद नव्हती, जो त्या जमिनीवर येईल तो पॅलाडिनचा. ज्या गिल्डने कधी पॅलाडिन टँक ठेवला नव्हता, ते हायजालसाठी शोधू लागले.

तीन टँक, तिघांचे तीन स्वभाव. एका बलाढ्य बॉससमोर वॉरियर, जास्त हेल्थ आणि जाड कातडी हवी तिथे अस्वल, गर्दीत पॅलाडिन. संपूर्ण प्रकरणात मला हा काळ सगळ्यात समतोल वाटतो. त्याचं श्रेय क्लास बनवणाऱ्यांइतकंच लाटा बनवणाऱ्यांचं आहे. हायजाल नसतं तर कॉन्सेक्रेशनची ही ताकद लहानसहान डंजनपुरतीच राहिली असती.

रेट्रिब्यूशनचं मात्र अर्धवट राहिलं. क्रुसेडर स्ट्राइक मिळालं, डॅमेज सुधारलं, तरी रेडमध्ये त्याच्यासाठी फार तर एक खुर्ची असायची, तीही त्याच्या ऑरा आणि जजमेंटने इतरांचं डॅमेज वाढतं म्हणून. शॅडो प्रीस्टचंही तसंच. व्हॅम्पायरिक टचमुळे त्याच्या डॅमेजच्या काही टक्क्यांइतकी माना त्याच्या पार्टीला मिळायची, म्हणून त्याला हीलरांच्या पार्टीत बसवायचे. स्वतःच्या हातून काय घडतं याला मान नव्हता, शेजाऱ्याला काय मिळतं याला होता.

पाच-पाचच्या पार्ट्या

२५ जणांचा रेड पाच पार्ट्यांत वाटलेला असायचा, आणि बरेचसे बफ फक्त आपल्या पार्टीपुरते चालायचे. पॅलाडिनच्या ऑरा, वॉरियरचं बॅटल शाउट, शमनचे टोटेम, शॅडो प्रीस्टची माना. त्यामुळे रेड लावणं हे एक कोडंच होतं. शमनचं ब्लडलस्ट, अलायन्सकडे हिरोइझम, ४० सेकंद पार्टीचा वेग ३० टक्क्यांनी वाढवायचं. दर पार्टीत एक शमन असला की प्रत्येक पार्टीला ते मिळणार. २००८ च्या मार्चमध्ये सनवेल प्लॅटो उघडलं. तिथले बॉस इतके कडक होते की आघाडीचे गिल्ड पाच किंवा त्याहून जास्त शमन घेऊन जाऊ लागले. लढाई चालू असताना शमनची पार्टी बदलून एकाच पार्टीला दोनदा ब्लडलस्ट देण्याचीही युक्ती होती. लेदरवर्किंग शिकलेल्यांना वाजवता येणारे ड्रम्सही पार्टीपुरतेच चालायचे, म्हणून कितीतरी खेळाडूंनी आपला धंदा सोडून लेदरवर्किंग धरलं.

शमनची एक जागा वाढली की दुसऱ्या कुणाची तरी जायची. जायची ती बहुधा नुसतं डॅमेज करणाऱ्याची. वर्षभर उत्तम खेळणारा रोग बाहेर बसायचा आणि आत बसायचा तो घाईघाईने लेव्हल ७० ला आणलेला कुणाचा तरी दुसरा शमन. इथेही शमनच्या चालीत चूक नव्हती. चूक होती ती "फक्त पार्टीपुरतं" या नियमात.

२००८ चा निर्णय

२००८ मध्ये ग्रेग स्ट्रीट हा डिझायनर ब्लिझर्डमध्ये आला. घोस्टक्रॉलर या नावाने तो खेळाडूंशी क्लासबद्दल सविस्तर बोलायचा. रॅथ ऑफ द लिच किंग या पुढच्या विस्ताराच्या निमित्ताने डिझायनरांनी एक सूत्र उघडपणे मांडलं. क्लास बघून माणूस निवडायची वेळ येऊ नये, माणूस बघून निवडता यावं. १४ ऑक्टोबर २००८ च्या ३.०.२ पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारित आवृत्तीत, ते अमलात आलं आणि १३ नोव्हेंबरला रॅथ प्रसिद्ध झालं.

बदल दोन होते आणि दोन्ही मुळापासूनचे. पहिला, पार्टीपुरते बफ बहुतेक सगळे रेडभर झाले. दुसरा, सारखा परिणाम देणारे बफ एका गटात टाकले आणि गटातला एकच लागू होईल असं ठरवलं. पॅलाडिनचं माइट आणि वॉरियरचं बॅटल शाउट यांची बेरीज होईना. विस्डम आणि शमनचं माना स्प्रिंग टोटेम यांचीही नाही. मानाचं काम रिप्लेनिशमेंट नावाच्या एका बफवर आलं, आणि ते शॅडो प्रीस्ट, रेट्रिब्यूशन पॅलाडिन आणि सर्व्हायव्हल हंटर या तिघांकडे दिलं. तिघांपैकी कुणीही आलं तरी रेडमधल्या दहा जणांपर्यंत माना पोचायची. ब्लडलस्ट रेडभर झालं आणि एकदा मिळालं की त्या माणसाला काही वेळ पुन्हा मिळणार नाही अशी अट आली. शमनची पाचवी-सहावी जागा त्या क्षणी संपली.

या निर्णयामागे आणखी एक रेटा होता, तो मला निर्णायक वाटतो. रॅथमधला प्रत्येक रेड १० जणांचा आणि २५ जणांचा असा दोन्ही प्रकारे खेळता येणार होता. डेथ नाइट धरून क्लास झाले दहा. दहा जागा, दहा क्लास, त्यात दोन टँक, दोनतीन हीलर. प्रत्येक महत्त्वाचा बफ एकाच क्लासकडे ठेवला असता तर दहा मित्रांच्या रेडला दारातूनच परत जावं लागलं असतं. रेडचा आकार लहान केला की क्लासची मक्तेदारी मोडावीच लागते. ४० जणांच्या काळात ती मक्तेदारी चालून गेली, कारण ४० मध्ये सगळ्यांचं काही ना काही असायचंच.

रेट्रिब्यूशनला डिव्हाइन स्टॉर्म मिळालं आणि डॅमेज शुद्ध क्लासच्या, म्हणजे फक्त डॅमेज करणाऱ्या क्लासच्या, जवळ आलं. पॅचच्या पहिल्या दिवसांत ते इतकं वाढलं होतं की पीव्हीपीत, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढाईत, रेट्रिब्यूशन पॅलाडिन दिसला की समोरचे काही क्षणांत आडवे व्हायचे. लगेचच ते खाली आणावं लागलं. प्रोटेक्शनला हँड ऑफ रेकनिंगच्या रूपाने साधं, एका शत्रूपुरतं टॉन्टही मिळालं. एप्रिल २००९ मध्ये ३.१ पॅचने १,००० गोल्ड एकदाच भरून दोन टॅलेंट रचना जवळ ठेवायची सोय दिली. त्यानंतर एका बॉसला टँक आणि पुढच्याला डॅमेज, असं पॅलाडिनला एकाच संध्याकाळी करता येऊ लागलं. हायब्रिडची लवचीकता पहिल्यांदा रेडच्या उपयोगाची झाली.

हायब्रिडवरचा कर

याच वेळी एक जुना वाद पेटला. रोगला फक्त डॅमेज येतं. पॅलाडिनला डॅमेज, टँकिंग आणि हीलिंग तिन्ही. डॅमेज सारखंच असेल तर रोग कोण निवडणार? म्हणून हायब्रिडचं डॅमेज थोडं कमी असावं, असं म्हणणाऱ्यांचा मोठा गट होता. डिझायनरांनीही बाकी सगळं सारखं असेल तर शुद्ध क्लास किंचित पुढे असावेत अशी भूमिका घेतली.

मला हा कर पटत नाही, किमान त्या स्वरूपात. बॉस चालू असताना रेट्रिब्यूशनच्या खुर्चीत बसलेला पॅलाडिन रेट्रिब्यूशनच असतो. त्याच्याकडे हीलिंगचं गिअर बॅगेत आहे याचा त्या दहा मिनिटांत रेडला उपयोग नाही. लवचीकतेचा फायदा खेळाडूला होतो, डंजनसाठी गट पटकन मिळतो, पण रेडचा म्होरक्या खुर्ची देताना त्या खुर्चीतून काय मिळतं तेवढंच बघतो. पाच टक्के कमी म्हटलं की त्याच्या दृष्टीने ते नाहीच. डॅमेजमधला फरक आकड्यांच्या तक्त्यात दिसतो, लवचीकता तक्त्यात दिसत नाही. दोन टॅलेंट रचनांची सोय आल्यावर या युक्तिवादाला थोडी धार आली हे मान्य, कारण बॉस बदलताना भूमिका बदलणारा माणूस रेडला खरोखर उपयोगी पडतो. तरी शुद्ध क्लासला न्याय द्यायचा तर त्याच्या हातात दुसऱ्याकडे नसलेली एखादी चाल द्यावी. दुसऱ्याचं डॅमेज कापून तो मिळत नाही.

जे गेलं

रॅथमध्ये स्वाइप आणि थंडर क्लॅपवरची मोजदाद उठली. वॉरियरला शॉकवेव्ह मिळालं. डेथ नाइट धरून चारही टँक गर्दी धरू शकू लागले, चौघांकडे जीव वाचवणाऱ्या चाली आल्या. हायजालमधला पॅलाडिन आता चौघांतला एक होता. २००८ च्या पुन्हा आलेल्या नॅक्सरामसमध्ये रॅझुव्हियस होताच. २५ जणांच्या रूपात अजून प्रीस्ट लागायचे, पण १० जणांच्या रूपात खोलीत स्फटिक ठेवले होते. कुणीही त्यावर क्लिक करून शिष्यांचा ताबा घ्यायचा. एकाच बॉसमध्ये दोन्ही विचार शेजारी-शेजारी दिसतात. स्फटिकामुळे दहा जणांचा खेळ वाचला हे खरंच, आणि तिथल्या प्रीस्टकडून त्याचा एक क्षण गेला हेही तितकंच खरं.

२०१० च्या कॅटॅक्लिझममध्ये मेजला टाइम वॉर्प मिळालं, म्हणजे ब्लडलस्टच. लढाईत मेलेल्याला उठवणं, जे ड्रुइडचं होतं, ते डेथ नाइटलाही जमू लागलं. सगळे सारखे झाल्याची तक्रार वाढत गेली. २०१६ च्या लीजनमध्ये रेडभरचे बहुतेक बफ काढूनच टाकले, म्हणजे कुणी कुणाचा मोहताज नाही. दोनच वर्षांत बॅटल फॉर अझेरोथमध्ये मेजचं इंटेलेक्ट, प्रीस्टचं फॉर्टिट्यूड आणि वॉरियरचं बॅटल शाउट परत आलं. डीमन हंटरमुळे शत्रूला जादूचं डॅमेज पाच टक्के जास्त लागू लागलं, मंकमुळे शारीरिक डॅमेज. बफ काढून टाकल्यावर खेळाडूंना आपल्या असण्याचा फरक कळेना, असा मी त्याचा अर्थ लावतो. दुसऱ्याला आपला उपयोग होतोय हे दिसणं, हे खेळाडूला हवं असतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लिझर्डने जुना गेम क्लासिक म्हणून परत सुरू केला तेव्हा जणू प्रयोगच पुन्हा मांडला गेला. नियम २००६ चे, १६ डिबफ, टॉन्ट नसलेला पॅलाडिन. माणसं मात्र पंधरा वर्षांच्या हिशेबांनी सज्ज. निकाल अधिकच तीव्र लागला. रेड वॉरियरांनी भरले आणि पॅलाडिन पुन्हा हीलिंगला उभा राहिला. खेळाडू हुशार झाले की न वापरलेले क्लास आपोआप वापरात येतील, ही आशा त्याने खोटी ठरवली.

३० नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या सीझन ऑफ डिस्कव्हरीने त्याच जुन्या जगात वेगळा हात घातला. रून नावाच्या नव्या चाली देऊन वॉरलॉक, रोग आणि शमन टँक होऊ शकले, मेज हीलर. यात तपशील बघण्यासारखा आहे. रोगच्या फेंटची जागा टीझने घेतली, ते टॉन्ट आहे. शमनचा अर्थ शॉक टॉन्ट झाला. वॉरलॉकला राक्षसाच्या रूपात टॉन्ट आलं. पॅलाडिनलाही हँड ऑफ रेकनिंगचा रून मिळाला. मेजचं हीलिंग त्याच्या आर्केन डॅमेजमधून वाहतं, त्यामुळे हीलर झाला तरी तो मेजसारखाच खेळतो. प्रत्येकाला आधी कामाचं हत्यार दिलं, आकडे मग जुळवले. पहिला रेडही दहाच जणांचा ठेवला होता, तिथे एक विचित्र टँक घेऊन बघायची गिल्डची तयारी असते.

मुख्य गेममध्ये आज १३ क्लास आहेत आणि सर्वांत कठीण, मिथिक पातळीवर २० जागा. म्होरक्याचं पहिलं काम म्हणजे महत्त्वाचे बफ देणाऱ्या क्लासचा एकेक माणूस बसवणं. त्या जागांची हमी बफमुळे मिळते. पण त्याच क्लासच्या दुसऱ्या माणसाला बफचा काही उपयोग नाही, तो आधीच लागू झालेला असतो. १३ क्लासचा एकेक धरला तरी सात खुर्च्या उरतात, आणि त्यांच्यासाठी खरी झुंज असते. त्या डॅमेजच्या तक्त्यावरून भरल्या जातात, किंवा समोरचा बॉस काय मागतो त्यावरून. लांब विखुरलेले शत्रू एका जागी गोळा करायचे असतील तर डेथ नाइटच्या ग्रिपला दुसरा आणि तिसराही माणूस चालतो, त्याचं डॅमेज त्या आठवड्यात खालच्या रांगेत असलं तरी. विखुरलेले शत्रू नसलेल्या बॉससमोर तीच ग्रिप काहीच कामाची नाही. म्हणून एका रेडच्या आठ-दहा बॉसमध्ये अशी वेगवेगळी मागणी किती क्लासच्या वाट्याला येते, याची यादी क्लास बनवणाऱ्यांनी आणि बॉस बनवणाऱ्यांनी एकाच टेबलावर बसून, आकड्यांना हात लावण्याआधी करायला हवी.